सासष्टीचा पाद्री आणि त्याची ओवी

दरवर्षी मराठी भाषा दिन जवळ आला की शाळांच्या फलकांवर, बँकांच्या भिंतींवर, कधीकधी एस. टी. स्टँडवरच्या कापडी फलकांवरही दोन-तीन ओव्या हटकून दिसतात. मराठीचे कौतुक करणाऱ्या. कुठे खाली ‘फादर स्टीफन्स’ असे नाव असते, कुठे तेही नसते. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा तर या ओव्या मोबाइलवरून मला एका दिवसात सात-आठ जणांनी पाठवल्या. शाळेत आमच्या गुरुजींनी त्या पाठ करून घेतल्या होत्या. आठवते ते असे, की ओव्या झाल्यावर गुरुजी म्हणाले होते, ‘‘पाहा, इंग्रज असूनही, पाद्री असूनही केवढे हे मराठीप्रेम!’’

तो ‘असूनही’ माझ्या कानात राहिला. त्याचे कारण पुढे कळले. मी कविता लिहू लागलो, कविसंमेलनांना जाऊ लागलो, आणि व्यासपीठावरून उतरले की कुणीतरी प्रेमाने हात हातात घेऊन म्हणायचे, ‘‘मुसलमान असूनही काय सुंदर मराठी लिहिता हो तुम्ही!’’ बोलणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण माझ्या घरात माझी आजी रत्नागिरीकडची बोली बोलत गेली, तिला उर्दूचे एक वाक्य धड येत नव्हते, तिच्या नातवाला मराठी आली यात आश्चर्य ते काय? त्यामुळे बी. ए. ला मराठी घेतले तेव्हा या दुसऱ्या ‘असूनही’वाल्या माणसाची मला ओढ लागली. हा माणूस खरोखरच सातासमुद्रापलीकडून आला होता. धर्मप्रसारासाठी आला होता, हेही त्याने कधी लपवले नाही. मग तो ओवीपर्यंत पोहोचला कसा? आज मला जे बोलायचे आहे ते यावर. आणि फलकावरच्या दोन ओव्यांमध्ये जे मावत नाही त्यावरही.

थॉमस स्टीफन्सचा जन्म इंग्लंडमधल्या विल्टशरमध्ये बुश्टन या खेड्यात १५४९ च्या सुमारास झाला. त्या काळातले इंग्लंड आपण नीट लक्षात घेतले पाहिजे. राणी एलिझाबेथचे राज्य. राजधर्म प्रॉटेस्टंट. रोमच्या पोपला मानणाऱ्या कॅथलिकांना चोरून प्रार्थना करावी लागे. दंड, तुरुंग हे नेहमीचे. स्टीफन्स कॅथलिक. त्याचा एक श्रीमंत मित्र होता, थॉमस पाउंड. या पाउंडचा नोकर असल्याचे सोंग घेऊन स्टीफन्स काही काळ त्याच्याबरोबर गावोगाव फिरला, गुप्तपणे श्रद्धावंतांना भेटला. दोघांनी रोमला जाऊन जेझुइट व्हायचे ठरवले होते. पाउंड पकडला गेला, आणि पुढची सुमारे तीस वर्षे वेगवेगळ्या तुरुंगांत राहिला. स्टीफन्स निसटला. १५७५ मध्ये रोममध्ये तो जेझुइट संघात दाखल झाला. स्टीफन्स गोव्यात पोहोचून दोन वर्षे झाली तेव्हा, १ डिसेंबर १५८१ रोजी, एडमंड कॅंपियन या इंग्रज जेझुइटाला लंडनमध्ये फाशी देऊन त्याच्या देहाचे तुकडे करण्यात आले. म्हणजे स्टीफन्स मायदेशी राहिला असता तर त्याचे काय झाले असते हे सांगायला नको.

श्रद्धेपायी आपल्याच गावात चोरासारखे वावरणे म्हणजे काय, हे या माणसाला पुस्तकातून कळले नव्हते. ही गोष्ट मी मुद्दाम आधी सांगून ठेवतो. पुढे ती लागणार आहे.

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून पाच जहाजांचा ताफा निघाला, त्यात स्टीफन्स होता. २४ ऑक्टोबरला तो गोव्याला लागला. साडेसहा महिने. पोहोचल्यावर सतरा दिवसांनी, १० नोव्हेंबरला, त्याने आपल्या वडिलांना पत्र लिहिले. ते पत्र नंतर हॅकलुट या संग्राहकाने आपल्या प्रवासवर्णनांच्या ग्रंथात छापले, म्हणून ते आपल्याला वाचायला मिळते. हिंदुस्थानातून इंग्लंडला गेलेल्या अगदी पहिल्या पत्रांपैकी ते एक. वाचताना मला मोठी गंमत वाटली, कारण त्यात धर्मोपदेश फारच थोडा. वारे कुठून वाहतात, समुद्रातले मासे कसे, पक्षी कुठल्या बेटापाशी दिसतात, हेच जास्त. हिरड्या सुजून वाढतात, त्या कापून टाकाव्या लागतात, पाय सुजतात, अंग बधिर होते, असे खलाशांच्या आजाराचे वर्णन आहे. दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि सत्तावीस मेली, आणि एवढी हानी म्हणजे नेहमीच्या मानाने फारशी नाही असे जाणकारांचे मत, हे तो कोरडेपणाने लिहून टाकतो. शेवटी गोव्याचे झाड दिसते, नारळाचे. तेल, दारू, लाकूड, दोर, सगळे एका झाडातून कसे मिळते याचे त्याला अप्रूप वाटते. आपल्या कोकणातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट. पण विल्टशरच्या म्हाताऱ्या बापाला ती सांगताना लेकाचा जीव हरखलेला कळतो. हा लेक परत कधी गेला नाही. १६१९ मध्ये तो गोव्यातच वारला. चाळीस वर्षे.

त्या चाळीसांतला मोठा काळ गेला सासष्टीत. मडगाव, राशोल, बाणावली, लोटली, कुंकळ्ळी ही सगळी सासष्टी. पोर्तुगिजांना हा भाग १५४३ मध्ये विजापूरच्या आदिलशाहाकडून मिळाला. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, बसले. १५६७ मध्ये राशोलच्या किल्लेदाराने सासष्टीतली देवळे पाडली. जेझुइटांच्याच कागदांत ती संख्या शेकड्यांत आहे. पूजाअर्चा, लग्नविधी, पुराण सांगणे यांवर बंदी आली. लोकांनी देव उचलले आणि रातोरात नदी ओलांडली. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, लोटलीचा रामनाथ बांदिवड्याला. आज आपण सहलीला जातो ती फोंड्याकडची देवळे म्हणजे मूळची निर्वासितांची घरे. आणि नदीपलीकडे राज्य कोणाचे होते? विजापूरच्या आदिलशाहाचे. म्हणजे मंगेश आणि शांतादुर्गा एका मुसलमान सुलतानाच्या मुलखात आसऱ्याला आले.

हे वाक्य भाषणात उच्चारले की काही श्रोते खूश होतात, काही अस्वस्थ. मी दोघांनाही सांगतो, थांबा. देवळे पाडणारे राजे माझ्या धर्मातही झाले, त्यांची यादी लांब आहे, आणि ती मला कुणी वाचून दाखवण्याची गरज नाही. आदिलशाही मुलखात त्या वेळी देवांना जागा मिळाली ही जितकी खरी, तितकीच तीही खरी. इतिहासाचे असे आहे की तो आपल्या सोयीने एका बाजूने कापता येत नाही.

तर अशा सासष्टीत स्टीफन्स आला. देवळे पाडून बारा वर्षे झाली होती. जोते तसेच, त्यावर क्रूस उभे. जे ख्रिस्ती झाले होते त्यांतले किती श्रद्धेने, किती जमीन वाचवायला, किती भीतीने, याचा हिशेब देवाकडे. इंग्लंडात राजाच्या धर्माने ज्याला पळवून लावले, तो इथे राजाच्या धर्माचा माणूस होऊन उतरला. या गोष्टीचा त्याने कधी विचार केला असेल का, हा प्रश्न मला वर्षानुवर्षे सोडत नाही.

१५८३ हे साल त्याच्या आयुष्यातले सगळ्यात कठीण असावे. त्या वर्षी १५ जुलैला पाच जेझुइट आणि त्यांच्याबरोबरची काही माणसे कुंकळ्ळीला गेली. चर्चसाठी जागा पाहायची होती, क्रूस उभारायचा होता. त्याआधी गावाची देवळे पोर्तुगिजांनी उद्ध्वस्त केली होती. गाव चवताळून उठले आणि त्यांनी या माणसांना ठार मारले. मेलेल्यांत रुडॉल्फ अक्वाविवा होता. हे नाव ज्यांनी अकबराचा इतिहास वाचला त्यांना माहीत असेल. १५८० मध्ये फत्तेपूर सिक्रीला अकबराच्या दरबारी जो पहिला जेझुइट गट गेला, त्याचा तो प्रमुख. इबादतखान्यात मुल्लांशी, पंडितांशी तो वाद घालत बसे. तीन वर्षे त्या दरबारात राहून त्याच्या केसालाही धक्का लागला नाही. गोव्याला परत आला आणि काही आठवड्यांतच कुंकळ्ळीत मारला गेला. बादशहाने चर्चेला बोलावले होते, तिथे तो पाहुणा होता. कुंकळ्ळीने बोलावले नव्हते.

स्टीफन्स तेव्हा सासष्टीत होता. विहिरीत टाकलेले ते देह परत मिळवायचे आणि पुरायचे, हे काम त्याच्यावर आले. मी डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न करतो. जुलै महिना, गोव्यातला पाऊस, आपल्या ओळखीची पाच माणसे, दिवस उलटलेले मृतदेह. आणि मग सूड. पोर्तुगीज सैन्याने गाव जाळले, बागा तोडल्या. नंतर गावकऱ्यांच्या प्रमुखांना बोलणी करू म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि तिथे कापून काढले. बोलणीला आलेल्यांना मारणे हे कुठल्याच धर्मात बसत नाही, पण राज्यात बसते.

त्याच वर्षअखेरीस एक वेगळी घटना घडली. जॉन न्यूबेरी, राल्फ फिच आणि त्यांचे दोन सोबती असे चार इंग्रज होर्मुझला पकडले जाऊन गोव्याच्या तुरुंगात आणून टाकले गेले. राणी एलिझाबेथच्या देशाची माणसे, प्रॉटेस्टंट असल्याचा संशय. म्हणजे ज्यांच्या राज्यात स्टीफन्सचा मित्र तुरुंगात सडत होता, ज्यांनी कॅंपियनला फाडले, त्यांचीच प्रजा. स्टीफन्स त्यांच्यासाठी धावपळ करू लागला, जामीन मिळवून दिला. ती माणसे डिसेंबरात सुटली, आणि पुढल्या एप्रिलमध्ये संधी साधून आदिलशाही मुलखात पळून गेली. फिचने नंतर लिहून ठेवले आहे की आर्चबिशप आणि दोन जेझुइट पाद्री आमच्या पाठीशी उभे राहिले नसते तर आम्ही तुरुंगातच कुजलो असतो. याला सेवा म्हणायचे की देशबंधूंची माया? मी सेवा म्हणतो. शत्रूच्या घरचा माणूस बेड्यांत दिसला की तो आधी माणूस दिसणे, एवढीच माझी सेवेची व्याख्या आहे. पण मग लगेच मनात येते, कुंकळ्ळीच्या ज्या गावकऱ्यांना असोळण्यात मारले, त्यांच्यासाठी जामीन कोणी दिला? त्यांचे देह कोणी शोधले?

याच वर्षी ऑक्टोबरात त्याने पॅरिसमधल्या भावाला एक पत्र लिहिले आहे. त्यात तो म्हणतो की इथल्या भाषांची घडण लॅटिन आणि ग्रीकशी मिळतीजुळती आहे. विल्यम जोन्सने कोलकात्यात हेच सांगून जगाला चकित केले ते १७८६ मध्ये, दोनशे वर्षांनी. कुंकळ्ळीच्या रक्तपातानंतर तीन महिन्यांनी हा माणूस शब्दांची घडण पाहत बसला होता. मला वाटते, याच काळात तो खऱ्या अर्थाने इथला होऊ लागला. भीतीने लोक गप्प बसतात, पण भाषा गप्प बसत नाही. ती बाजारात, न्हाणीघरात, रडण्यात चालूच राहते. ती ऐकणारा कान त्याच्याकडे होता.

आता पुराणाकडे येतो. क्रिस्तपुराणाच्या आरंभी एक प्रसंग आहे. पाद्री लोकांना धर्माची शिकवण देत आहे, आणि एक नवा ख्रिस्ती उठून विचारतो. भावार्थ असा, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्यासारखे काही आम्हाला का देत नाही? हा प्रश्न मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बसलो. केवढी साधी तक्रार, आणि केवढी मोठी! ज्या माणसांनी संध्याकाळी समईच्या उजेडात पोथी ऐकली, त्यांच्याकडून पोथी काढून घेतली. सत्तेने त्यांना नवा देव दिला होता. पण संध्याकाळ मोकळीच राहिली होती.

स्टीफन्सने त्या संध्याकाळी भरून काढल्या. दहा हजार नऊशे बासष्ट ओव्या. पहिल्या पुराणात जगाच्या उत्पत्तीपासूनची जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात येशूचे चरित्र. १६१६ मध्ये राशोलला ते छापले गेले, तेव्हा तो सदुसष्ट वर्षांचा असावा. प्रस्तावनेत त्याने भाषेविषयी जे सांगितले ते कुठल्याही कवीने वाचावे. देवाच्या गोष्टी सांगायला या देशीच्या भाषांत मराठी योग्य वाटली. पण शुद्ध मराठी साध्या लोकांना कळायची नाही, म्हणून जुन्या कवींचे कठीण शब्द टाळून ब्राह्मण भाषेतले, म्हणजे आज आपण जिला कोंकणी म्हणतो तिच्यातले, सोपे शब्द मिसळले. हा हिशेब भक्ताचा नाही, प्रचारकाचाही पुरता नाही. तो लिहिणाऱ्याचा आहे. कोणासाठी लिहितो आहे हे ज्याला पक्के ठाऊक आहे, त्याचा.

शब्दांची निवड पाहा. स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो. आता वैकुंठ कोणाचे? विष्णूचे. ज्या विष्णूच्या मूर्ती सासष्टीतून पळाल्या, त्याचेच वैकुंठ पाद्र्याने ओवीत आणून ठेवले. याकडे तुम्ही दोन तऱ्हांनी पाहू शकता. एक म्हणजे, हा डाव आहे, ओळखीच्या भांड्यातून परका रस पाजण्याचा. दुसरे असे, की दुसरा शब्दच नव्हता. माझ्या अनुभवाने मी सांगतो, दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. मी ‘नमाज’ लिहिले तर कवितेत एक गोष्ट होते, ‘प्रार्थना’ लिहिले तर दुसरी, आणि संपादकांनी एकदा परस्पर बदलून टाकले तेव्हा ती कविता माझी राहिली नाही. पण काही ओळींत मीच ‘पंढरी’ लिहिले आहे, कारण वाट, धूळ आणि भेटीची आस एवढे सगळे एका शब्दात मला मक्केच्या रस्त्यासाठीही दुसरीकडे सापडेना. यासाठी मला दोन्हीकडून बोलणी खावी लागली. शब्द आपण निवडतो असे वाटते. बऱ्याचदा शब्दच आपल्याला त्यांच्या घरी ओढून नेतात. पाद्री वैकुंठ लिहायला गेला तेव्हा वैकुंठाने त्याचे काहीच केले नसेल, असे मी मानत नाही.

ओवी त्याला आयती मिळाली नाही. ती पोथ्यांतून शिकावी लागली, आणि त्या पोथ्या जेझुइटांच्या हाती कशा आल्या हे सांगितलेच पाहिजे. १५५८-५९ च्या सुमाराची गोष्ट अ. का. प्रियोळकरांनी आपल्या ग्रंथात नोंदवली आहे. पलीकडच्या मुलखात एक ब्राह्मण वर्षानुवर्षे खपून व्यासांच्या ग्रंथांचे भाषांतर करीत बसला होता. एका नव्या ख्रिस्ती माणसाने त्याचा पत्ता दिला, आणि त्याच्या घरातून पोथ्या उचलून आणल्या गेल्या. पोर्तुगालमधल्या ब्रागा गावच्या ग्रंथालयात आजही रोमन लिपीत उतरवून घेतलेली रामायण-महाभारताची कोंकणी आणि मराठी हस्तलिखिते आहेत. एका हाताने पोथ्या जाळल्या, दुसऱ्या हाताने उतरवून घेतल्या. त्यामुळे त्या वाचल्या म्हणून आभार मानावेत, तर जीभ अडखळते.

छपाईची कथा मला सगळ्यात हृद्य वाटते. गोव्यात छापखाना १५५६ मध्ये आला होता. तिकडे मलबारात तमिळ अक्षरांत पुस्तके छापली गेली होती. ५ डिसेंबर १६०८ रोजी स्टीफन्सने रोमला आपल्या संघाच्या सर्वोच्च प्रमुखाला पत्र लिहिले. कैक वर्षांची इच्छा बोलून दाखवली, की या प्रांतातही देशी भाषेत आणि देशी लिपीत पुस्तके छापली जावीत. अडचण काय, तर आपल्याकडच्या चोवीस अक्षरांऐवजी सहाशे साचे ओतावे लागतील असे वाटत होते, आणि वरिष्ठांच्या मर्जीवाचून हे व्हायचे नाही. साठीच्या घरातला पाद्री, रोमला पत्र जायला आणि उत्तर यायला दोन-दोन वर्षे, आणि मागणे काय, तर जोडाक्षरांचे खिळे! देवनागरीचे खिळे काही आले नाहीत. त्याचे पुराण रोमन लिपीत छापले गेले. देवनागरीत मराठी छापायचे काम पुढे १८०५ मध्ये बंगालातल्या सेरामपूरला विल्यम कॅरीने केले. तोही मिशनरीच.

आता मूळ प्रश्न. याला सेवा म्हणायचे का? आपल्याकडे मिशनरी सेवा म्हटली की दवाखाना, शाळा, कुष्ठधाम आठवते. स्टीफन्सने यातले काही उभे केल्याचे मी वाचलेले नाही. तो गावचा पाद्री होता. बाप्तिस्मे द्यायचे, मेलेल्यांना पुरायचे, रविवारी शिकवायचे. राहिलेल्या वेळात कोंकणीचे व्याकरण लिहायचे, जे त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये छापले गेले. धर्म पसरवायचा म्हणून तो भाषा शिकला हे उघड आहे. पण गरज भागेल एवढी भाषा शिकायला चाळीस वर्षे लागत नाहीत. प्रश्नोत्तरांचे छोटे पुस्तक पुरते, आणि तेही त्याने केले होते. अकरा हजाराला टेकणाऱ्या ओव्या कोणी कामापुरत्या लिहीत नाही.

तुलना करावीशी वाटते ती श्रीगोंद्याच्या शेख महंमदांशी. थोडा मागेपुढे तोच काळ. मुसलमान घरातला हा माणूस ‘योगसंग्राम’ लिहितो, आणि वारकरी त्याला संत म्हणतात. शेख महंमदांच्या पाठीशी तोफा नव्हत्या. त्यांना कोणाला बाटवायचे नव्हते. उलट दोन्हीकडचे लोक त्यांच्याकडे संशयाने पाहत. स्टीफन्सच्या पाठीशी किल्ला होता, धर्मन्यायालय होते, पुस्तक छापायलाही त्याच न्यायालयाची परवानगी लागत होती. दोघांची ओवी शेजारी ठेवून वाचली तर छंद एकच. पण एक ओवी मोकळ्या अंगणात म्हटली गेली, आणि दुसरी पाडलेल्या देवळाच्या जोत्यावर. हा फरक मी विसरू शकत नाही. आणि तरी, दुसरी ओवी वाईट आहे असे म्हणायला माझे कवीचे मन तयार होत नाही. ती सुंदर आहे. काही ठिकाणी फारच सुंदर आहे.

स्टीफन्सच्या पश्चात काय झाले ते थोडक्यात सांगतो. १६४९ आणि १६५४ मध्ये पुराण पुन्हा छापले गेले. पण तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला, की तीन वर्षांत लोकांनी देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. जी भाषा एका पाद्र्याने पूजेला लावली, तिलाच त्याच्या राजाने घराबाहेर काढले. पुराण टिकले ते हस्तलिखितांत, गोव्यातून दक्षिणेकडे गेलेल्या मंगळूरच्या ख्रिस्ती कुटुंबांत. आणि इथे मला आणखी एक गोष्ट सांगावी लागते, जी टाळली तर मी खोटा ठरेन. १७८४ मध्ये टिपू सुलतानाने या मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांना हजारोंनी पकडून श्रीरंगपट्टणला नेले. १७९९ मध्ये टिपू पडेपर्यंत ते कैदेत होते, वाटेत आणि तिथे कितीतरी मेले. त्या कैदेत क्रिस्तपुराणातल्या ओव्या म्हणून लोकांनी धीर धरला अशी आठवण त्या समाजात सांगितली जाते. म्हणजे पोथी बंद केलेल्यांसाठी लिहिलेली पोथी, सुमारे पावणेदोनशे वर्षांनी, माझ्या धर्माच्या एका राजाच्या कैदेत, पुन्हा बंदीवानांच्या ओठी आली. मी टिपूचे शौर्य लहानपणी ऐकत वाढलो. हे ऐकले तेव्हा वय तिशीच्या पुढे होते. शौर्य खोटे ठरले नाही. पण त्याच्या शेजारी ही ओवी येऊन बसली, ती उठायला तयार नाही.

१९०७ मध्ये मंगळूरला सालढाणा यांनी हस्तलिखितांवरून पुराण पुन्हा छापले, रोमनमध्येच. नंतर जस्टिन ॲबट या अमेरिकन मिशनरीला लंडनमध्ये मार्सडेन या संग्राहकाच्या कागदांत देवनागरीतले हस्तलिखित सापडले. हा ॲबट म्हणजे आपल्या संतकवींची इंग्रजी भाषांतरे करणारा. मराठीतून नागरी अक्षरांत छापील आवृत्ती आली ती शांताराम बंडेलूंची, १९५६ मध्ये. पहिल्या छपाईनंतर तीनशे चाळीस वर्षांनी. माझ्याकडची प्रत पुण्याच्या रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकवाल्याकडची आहे. त्याने ती ‘कीर्तन-प्रवचन’ या गठ्ठ्यात ठेवली होती. मी काही बोललो नाही, पैसे दिले आणि घेतली.

काही वर्षांपूर्वी गोव्यात एका कविसंमेलनाला गेलो असताना एक सकाळ काढून कुंकळ्ळीला गेलो. मारल्या गेलेल्या गावकरी प्रमुखांचे स्मारक तिथे उभारले आहे. शेजारीच छोटे चॅपेल आहे, जिथे जेझुइटांची आठवण ठेवलेली. दोन्हींमध्ये फार अंतर नाही. मी उन्हात उभा राहून नुसता इकडून तिकडे पाहत होतो. एक म्हातारेसे गृहस्थ आले, गळ्यात बारीक क्रूस. विचारले, ‘‘कुठले तुम्ही?’’ मी म्हटले, ‘‘रत्नागिरीकडचा.’’ नाव सांगितले. त्यांनी मान हलवली, कुठलाही ‘असूनही’ न लावता. मग स्वतःहून सांगू लागले. कुंकळ्ळीची शांतादुर्गा त्या काळात फातर्प्याला गेली, तिचे देऊळ आता तिथेच आहे. पण दरवर्षी फाल्गुनात, रंगपंचमीच्या दिवशी, देवी छत्र्यांच्या मिरवणुकीने आपल्या जुन्या गावी परत येते. गावकऱ्यांच्या बारा वांगडांच्या बारा छत्र्या. त्यांतले काही वांगड आज ख्रिस्ती आहेत.

‘‘मग त्यांच्या छत्र्या कोण धरतं?’’ मी विचारले.

‘‘आम्ही असतो ना,’’ ते म्हणाले, आणि मडगावची बस कुठे मिळेल ते दाखवायला माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत आले.